वाळूच्या पोत्याच्या जागी

युद्धात माझी निवड झाली, ती वाळूची पोती संपली म्हणून. हा विनय नाही, झालं तसं सांगतोय. धावपट्टीशेजारच्या कोठारात मी ब्लँकेटांच्या थप्प्या लावायचो. एके सकाळी एका मालवाहू विमानात नाकाकडे पेट्या जास्त भरल्या गेल्या आणि शेपटीकडे वजन टाकायला पोती मिळेनात. विमानाचा कप्तान कोठाराच्या दारात येऊन उभा राहिला, त्यानं आत नजर फिरवली आणि ती माझ्यावर येऊन थांबली. माझी आई मला 'अंगानं भरलेला' म्हणायची. बाकी सगळे जाड्या म्हणायचे.

"हा चालेल," कप्तान म्हणाला.

आमच्या साहेबांनी मला परत कधी आणून देणार, एवढंसुद्धा विचारलं नाही. दुपारी मी ढगांत होतो आणि माझ्या पोटातलं सगळं एका बादलीत.

त्या विमानाला सगळे म्हैस म्हणायचे. जमिनीवर ती मागचं चाक टेकून, नाक वर करून बसलेली असायची. उठवायला गेलं की इंजिनं आधी खोकायची, मग रुसायची आणि मेकॅनिकनं शिव्या घातल्या की सुरू व्हायची. लढाऊ विमानांच्या गोष्टी सांगणाऱ्यांचा मला हेवा वाटतो. आमच्या म्हशीनं सगळ्या युद्धात एक गोळी झाडली नाही, कारण तिच्याकडे बंदूकच नव्हती. तिनं इंधनाची पिंपं नेली, तंबूचे खांब नेले, दुधाचे डबे नेले. एका खेपेला नुसती कुलपं नेली; त्यांच्या किल्ल्या दुसऱ्या विमानानं भलत्याच तळावर उतरवल्या. एकदा एका मोठ्या साहेबांचा आंघोळीचा टब होता, आणि बसायला जागाच उरली नाही म्हणून साहेब स्वतः टबात बसून आले. एकदा अख्खं बँडपथक नेलं. त्यांना विमान लागलं. बादली एकच होती, पण वाद्यं बरीच होती.

परतीच्या खेपेला बहुतेक जखमी असायचे. त्यातलं गमतीनं सांगण्यासारखं फारसं काही नाही, म्हणून मी ते सहसा गाळतो.

माझं काम म्हणजे चालणं. मागच्या दारातून माल खाली ढकलला की विमानाचा तोल बदलायचा, इंधन संपत आलं की पुन्हा बदलायचा. मग कप्तान मागे न बघता उजवा हात वर करायचा. उघडा पंजा म्हणजे शेपटीकडे जा, मूठ म्हणजे पुढे ये. इंजिनांच्या आवाजात ओरडून उपयोग नसायचा, म्हणून शेपटीशी पोचलो की मी भिंतीच्या पत्र्यावर मुठीनं दोन ठोके द्यायचे, असं ठरलेलं. ते त्याला बसल्या जागी जाणवायचे आणि हात खाली यायचा. लोक युद्धात धावले, सरपटले, पोहले. मी सगळं युद्ध चाललो, तेही एका लांबट खोलीत. पण आपल्या चालण्यावर एवढं धूड तरंगतंय, या विचारानं मी छाती काढून चालायचो. पोट आधीच निघालेलं होतं.

एका खेपेला मात्र खरोखर जीव टांगणीला लागला. जखमींना घेऊन परतताना डोंगराआडून आमच्यावर गोळीबार झाला. पत्र्याला भोकं पडली, रेडिओ गप्प झाला. सहवैमानिकाच्या खांद्यात गोळी शिरली आणि तो मान टाकून बसला. कप्तानानं म्हैस सरळ ढगात घातली आणि हात वर केला. मी मागे गेलो, ठोके दिले. जरा वेळानं मूठ दिसली. पुढे येतोय तोच पुन्हा पंजा. ढग सरेपर्यंत मी त्या स्ट्रेचरांच्या मधून येरझारा घालत होतो. शेवटी एका जखमी शिपायानं माझी पँट धरून मला खाली वाकवलं आणि कानाशी ओरडला, "अहो, बसा की जरा. गोळीनं मेलो नाही, पण तुम्हाला बघून चक्कर यायला लागलीय." मी त्याला सांगितलं, मी बसलो तर आपण सगळेच पडू. त्यानं घाबरून माझी पँट सोडली. त्या वाक्याचा मला पुढे फार अभिमान होता.

युद्ध संपलं. निरोपाच्या जेवणाला तो सहवैमानिक आला, खांदा बरा होऊन. त्याला आम्ही काडी म्हणायचो. त्यानं माझ्या गळ्यात हात टाकला आणि मोठ्या प्रेमानं म्हणाला, "जाड्या, आता सांगायला हरकत नाही. तोल सावरायला कप्तानाच्या मांडीशी एक चाक असतं. जरासं फिरवलं की काम होतं. तुला तो उगाच हिंडवायचा."

सगळे हसले, मीही हसलो. त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा मी ताटात काही टाकलं.

हे खरं का, ते कप्तानाला विचारायला मला अख्खं आयुष्य होतं. तो दरवर्षी एक कार्ड पाठवायचा, मी एक पाठवायचो. दोघंही तब्येतीची चौकशी करायचो आणि सही ठोकायचो. विचारलं मात्र कधीच नाही. 'हो, उगाच,' असं उत्तर आलं असतं तर? मी काही हुशार माणूस नाही, दिसायलाही बरा नाही. मी कुणाच्या तरी उपयोगी पडलो होतो, एवढी एकच गोष्ट माझ्याकडे होती, आणि ती मला गमवायची नव्हती.

पुढे मी गाद्यांच्या कारखान्यात लागलो, लग्न केलं, एक मुलगी झाली. तिला झोपवताना मी सांगायचो की बाबा विमान सरळ धरायचे. तिनं ते शाळेत सांगितलं. बाईंनी 'ते कसं काय?' असं विचारल्यावर नीट समजावूनही सांगितलं. तेव्हापासून त्या वर्गात मी वाळूचं पोतं झालो, आणि लेकीनं ते आजतागायत विसरू दिलेलं नाही.

म्हशीचं पुढचं आयुष्य माझ्यासारखंच उतरणीचं गेलं. तिनं टपाल वाहिलं, मग शेतांवर औषध फवारलं. मग तिची इंजिनं कुणीतरी काढून नेली आणि पोटात कोंबड्या पाळल्या. शेवटी एका संग्रहालयानं तिला उचललं, घासलं, रंगवलं आणि उद्घाटनाला कप्तानाला आणि मला बोलावलं. काडी तोवर गेला होता.

संग्रहालयाच्या बाई आधी घरी येऊन गेल्या. विमानाशेजारी त्याच्या कारकिर्दीचा मोठा फलक लागणार होता.

"सगळं लिहून झालंय, काका," त्या म्हणाल्या. "वैमानिक आले, मेकॅनिक आले. तुमचं नेमकं काम काय लिहू?"

"तोल सांभाळणे," मी भारदस्तपणे म्हणालो.

"बाबा, खरं सांगा ना," आतून लेकीचा आवाज आला. "वजन होतात तुम्ही."

बाईंनी हसू दाबलं. "मी कप्तानसाहेबांना विचारून घालते. तोवर तेवढी जागा मोकळी ठेवते."

"नको," मी घाईघाईनं म्हणालो. "मीच विचारतो."

बोलून तर बसलो, पण मग मला घास उतरेना. लेकीला वाटलं मला कपड्यांची काळजी लागलीय. तिनं माझा जुना कोट उसवून दोन्ही बाजूंनी आत घेतला. दुखण्यांनी मी आता पार वाळलोय. आरशात तो कोट बघून मला वाटलं, एवढ्याशा माणसाच्या वजनावर काय तरंगणार होतं?

उद्घाटनाला कप्तान चाकाच्या खुर्चीतून आला. कान गेलेले, नजर तशीच. त्यानं मला खालून वरपर्यंत न्याहाळलं आणि लेकीला म्हणाला, "हा निम्माच आलाय. बाकीचा कुठे ठेवलात?"

त्याला उचलून विमानात त्याच्या जुन्या जागी बसवलं. पाहुणे दोन्ही बाजूंच्या बाकांवर गुडघ्याला गुडघा लावून बसले. मी आणि लेक अगदी पुढे, कप्तानाच्या पाठीमागे. म्हैस नाक वर करून उभी, त्यामुळे आतली जमीन शेपटीकडे उतरती. बाई कप्तानाला काहीबाही विचारत होत्या, तो सांगत होता. मी प्रश्न मनातल्या मनात घोळवत होतो. एवढ्यात कप्तानाचा उजवा हात वर गेला. उघडा पंजा.

मी उठलो. का उठलो, ते मला सांगता येणार नाही. काठी बाकाशीच राहिली. लेक म्हणाली, "बाबा, कुठे निघालात?" तोवर मी पाहुण्यांच्या गुडघ्यांमधून उतारावर निम्मा पोचलो होतो. शेपटीशी गेलो आणि पत्र्यावर दोन ठोके दिले.

मी वळलो तर झाडून सगळे माझ्याकडे बघत होते. कप्तान बाईंना छताला लावलेला एक दिवा दाखवत होता.

कुणीतरी फिसकन हसलं. लेकीनं कपाळाला हात लावला. मी म्हटलं, अब्रू गेलीच आहे, तर आता विचारूनच टाकू. धापा टाकत चढ चढून पुढे आलो आणि कप्तानाच्या कानाशी तोंड नेलं.

"साहेब, माझ्या चालण्यानं विमानाचा तोल खरंच सावरायचा का?"

"काय?"

मी पुन्हा विचारलं. तो पुन्हा "काय?" म्हणाला. मग मी असा ओरडलो की बाहेरच्या पहारेकऱ्यानं आत डोकावून बघितलं.

"विमानाचा?" कप्तान म्हणाला. "छे. त्याला हे चाक आहे की. हे बघ." आणि त्यानं मांडीशेजारच्या चाकावर हात ठेवला. "पहिल्या दिवशी लागलास. मग पोती आली."

मला फार वाईट वाटलं. इतक्या म्हातारपणी एवढं वाईट वाटून घेण्याची ताकद आपल्यात उरली असेल, असं मला वाटलं नव्हतं. आता कोणीतरी हसेल, म्हणून मी आधीच थोडं हसून ठेवलं. बाई हातातल्या कागदाकडे बघत राहिल्या. लेक मात्र हसली नाही. ती उठून पुढे आली, माझं कोपर धरलं आणि कप्तानाच्या कानात ओरडली, "पोती आली होती, तर यांना परत का नाही पाठवलंत?"

कप्तान समोरच्या काचेकडे बघत बसला. मला वाटलं त्याला ऐकू आलं नाही.

"पोतं ठोके देत नाही," तो म्हणाला.

मग बाहेर ऊन पडलंय असं सांगावं तशा आवाजात म्हणाला, "मला इथून मागे वळता यायचं नाही. मागे माणसं आहेत की मढी, काही कळायचं नाही. त्या दिवशी ढगात शिरलो तेव्हा काडी मान टाकून पडलेला. मला वाटलं, सगळे गेले, मी एकटाच उडवतोय. मग हात वर करून बघितला. आणि हा बेटा पोचला, दिले दोन ठोके. मी पुन्हा केला, यानं पुन्हा दिले. ते आले नसते, तर मी हात सोडले असते."

"मला वाटलं, मी विमान धरून ठेवलंय," मी म्हणालो.

"काय?"

मी पुन्हा सांगितलं नाही. ते ओरडून सांगण्यासारखं नव्हतं.

बाईंनी पेन काढलं. "साहेब, मग यांचं काय लिहू?"

त्यांना तीनदा विचारावं लागलं. "लिहा," कप्तान म्हणाला, "मागे एकजण होता."

बाईंनी लिहून घेतलं आणि पुढची व्यवस्था बघायला त्या खाली उतरल्या. कप्तान पुन्हा सरळ बसला. मग त्याचा उजवा हात वर गेला. उघडा पंजा. आता शेजारी बाई नव्हत्या, दिवाही कुणाला दाखवायचा नव्हता.

मी लेकीकडे बघितलं. तिनं माझं कोपर सोडलं. "जा ना, बाबा," ती म्हणाली. "वाट बघतायत ते."

मी मागे गेलो आणि दोन ठोके दिले. हात खाली आला.