पाण्याची पुसलेली ओळ

मित्रांनो, अंबरनाथ पश्चिमेला स्टेशनपासून दहा मिनिटे चालत आलात, की एका गल्लीच्या तोंडाशी सार्वजनिक नळ लागतो. त्या नळाशेजारी भिंतीवर टांगलेला जुना काळा फळा म्हणजे मी. माझा एक कोपरा फुगला आहे, उजवीकडची पट्टी निघाली आहे. तरीही रोज सकाळी माझ्यावर खडूने बातम्या लिहिल्या जातात, आणि हल्ली त्या लिहिल्या जात असताना माझा जीव टांगणीला लागलेला असतो. का, ते सांगतो.

माझा जन्म उल्हासनगर कॅम्प दोनमधल्या एका फर्निचरच्या कारखान्यात झाला. कपाटे करून उरलेल्या प्लायवूडचा मी. मालक धर्मेशशेठ मला या गल्लीतल्या चिंतामणीकाकांच्या हवाली करताना म्हणाले होते, "ले जाओ काका, पंधरा साल कुछ नहीं होगा. उल्हासनगर का माल है!" उल्हासनगरचा माल म्हटले की लोक डोळे मिचकावतात. मी मात्र एकवीस वर्षे टिकलो. त्यामुळे कुणी आमच्या गावांना नावे ठेवली की मला ते फार लागते.

चिंतामणीकाका तेव्हा एका कारखान्यात कामाला होते. पहिल्या पाळीला जाण्याआधी ते स्टुलावर चढून लिहीत. दहावीचे निकाल, हरवलेली पाकिटे, कुणाला कोणते रक्त हवे आहे, कुणाची अंत्ययात्रा किती वाजता निघणार, हे सारे गल्लीने माझ्यावरच वाचले. सगळ्यांत वर असे ती पाण्याची ओळ, पाणी किती वाजता येणार आणि कसे असणार याची. पाणी सोडणारे शंकरराव सांगत आणि काका लिहीत. काय माझा रुबाब होता तेव्हा! मग घरोघरी मोबाइल आले आणि लोक मान खाली घालून माझ्यासमोरून जाऊ लागले. मला नेमाने वाचणारे एकच माणूस उरले, गोदूआजी. ती मूळची जवळच्या जांभूळ गावची, गल्लीत एकटी राहते. मोबाइल तिच्याकडे नाही. कळशी घेऊन आली, की अक्षराखाली बोट ठेवून, ओठ हलवत ती मला वाचायची.

मागे वर्तमानपत्रात एक यादी छापून आली. कोणती शहरे राहायला चांगली आणि कोणती वाईट, याची. अंबरनाथ, उल्हासनगर आणि बदलापूर अगदी तळाला. झाले! गल्लीच्या अंगाचा तिळपापड झाला. एरवी खड्ड्यांना रोज शिव्या घालणारी माणसेही नळावर उभी राहून गावाची बाजू मांडू लागली. इथे शेजारी शेजाऱ्याला ओळखतो, बदलापूरला अजून नदी दिसते, उल्हासनगरात कुणाचा हात रिकामा राहत नाही. खोटे कशाला बोलू? मलाही राग आला होता. यादी करणाऱ्यांना समोर उभे करून चार शब्द सुनावावेत असे वाटत होते.

तशी संधी चालून आली. एका वाहिनीची माणसे नळावर येऊन रहिवाशांशी बोलणार असे ठरले. पण नेमके त्याच दिवशी सकाळी शंकरराव धापा टाकत आले. गटाराजवळ पाइप फुटला होता आणि घाण पाणी आत शिरल्याची शंका होती. काकांनी लगेच मोठ्या अक्षरांत लिहिले, "आजचे पाणी उकळल्याशिवाय पिऊ नये."

साडेआठला महिला मंडळाच्या नीलिमाताई आल्या आणि मला पाहून त्यांनी कपाळाला हात लावला.

"काका, हे काय? चॅनलवाले येतायत ना! मागे हे दिसलं तर आपणच त्यांच्या हातात पुरावा दिल्यासारखं होईल."

"अगं, पण पाण्याचं आहे हे."

"ग्रुपवर टाकलाय ना मी मेसेज. सगळ्यांनी बघितलाय. तासाभराचा तर प्रश्न आहे, मग परत लिहा."

काका क्षणभर घुटमळले. मग त्यांनी फडके उचलले. मला हात असते तर मी त्यांचा हात धरला असता. पाण्याची ओळ गेली आणि तिथे रंगीत खडूने आले, "आमचे शहर, आमचा अभिमान." अक्षर सुरेख होते. पण गोदूआजीला मेसेज कुठून मिळणार, या विचाराने माझे लक्ष ठिकाणावर नव्हते.

नऊला कॅमेरा सुरू झाला आणि आजी आलीच. तिने मला वाचले, खुदकन हसली. माइकवाल्या मुलीने तिलाच गाठले. "आजी, तुमचं शहर यादीत शेवटी आलंय. काय वाटतं?"

"कोन बोलतं शेवटी?" आजी उसळली. "पन्नास वरसं काडली मी हितं. आमचं पानी त बग, कसं गोड हाय!" आणि तिने नळ सोडून ओंजळ धरली.

काका चार पावलांवर उभे होते. त्यांनी तोंड उघडले, कॅमेऱ्याकडे पाहिले आणि पुन्हा मिटले. आजी एक ओंजळ प्यायली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, म्हणून तिने दुसरीही घेतली.

दुसऱ्या दिवशी आजीला दवाखान्यात सलाइन लावावे लागले. तिसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, वय झाले आहे, काही सांगता येत नाही. इकडे टाळ्यांचा तो व्हिडिओ मोबाइलवर फिरत होता. दवाखान्यातून परतलेले काका माझ्यापाशी थांबून नीलिमाताईंना म्हणाले, "डॉक्टरांनी विचारलं, काय पोटात गेलं? तर म्हणते, शिळी भाजी. मी म्हटलं, मावशी, खरं सांग. तर माझा हात दाबून बोलली, 'पान्याचं नाव नको काडू. ते परत यादीत लिवतील.' शेवटी मीच सांगितलं डॉक्टरांना." नीलिमाताई नळाच्या कट्ट्यावर बसल्या आणि रडू लागल्या.

काकांनी अजून तशीच राहिलेली अभिमानाची ओळ पुसली आणि लिहिले, "गुरुवारी पाणी खराब होते. ती सूचना मी पुसली, म्हणून गोदूबाई आजारी आहेत. चिंतामणी." नीलिमाताईंनी खडू मागून घेतला आणि खाली आपलेही नाव लिहिले.

आजी वाचली. आठवड्याने काठी टेकत नळावर आली, तिने ते सारे वाचले आणि काकांकडे वळली. "म्हंजी तुला म्हाईत व्हतं?"



आता आजी येते, पण मला वाचत नाही. नळावरच्या एकेकाला विचारते, "आज पियाचं का रं पानी?" एकाने हो म्हटले तरी दुसऱ्याला विचारते, तिसऱ्याला विचारते आणि मगच कळशी नळाखाली धरते.

मित्रांनो, माझा कोपरा सुतार नीट करील, काळा रंगही कुणी देईल. तुम्ही आपल्या गावासाठी भांडा, जरूर भांडा, मी तुमच्याच बाजूचा आहे. फक्त कुणीही पाहुणा येवो, माझ्यावरच्या पाण्याच्या ओळीला हात लावू नका. कुणीतरी तेवढे एकच वाचून घरी जाते.