कंपाउंडरबाई परत गेली नाही

आमच्या शिवणखात्यात टीव्ही नव्हता, आणि तरी ती मालिका आमच्याइतकी जीव लावून कुणी पाहिली नसेल.

आम्ही दवाखान्यांचे कपडे शिवतो. डॉक्टरांचे डगले, रुग्णांचे पाठीवर नाड्या असलेले झगे, उशांचे अभ्रे. मालिका लागायची संध्याकाळी, ऐन मशिनी धडधडत असताना. घरी पोचावं तर स्वयंपाक, पोरांचे अभ्यास, आणि रिमोटवर दुसऱ्याच कुणाचा अंगठा. पाहणाऱ्या एकट्या काकू. त्या हातानं काज करतात, दिवा लागल्यावर त्यांना बारीक दिसत नाही, म्हणून त्यांची सुट्टी आमच्या आधी होते. दुसऱ्या दिवशी जेवणानंतर मशिनी तेल घालायला बंद ठेवतात, तेव्हा आम्ही सगळ्या मोठ्या टेबलाभोवती बसून कपड्यांचे लोंबते धागे कापतो. तेवढ्या वेळात काकू आम्हाला कालचा भाग सांगायच्या.

सांगायच्या म्हणजे नुसत्या सांगायच्या नाहीत. आधी डोळे मिटून एक सूर धरायच्या. कात्रीच्या मुठीनं टेबलावर ठेका. मग आख्यान सुरू. सासू आली की आवाज नाकातून, डॉक्टर आला की बेंबीच्या देठापासून. रंगात आल्या की कथा तिथंच सोडून आम्हाला उपदेश करायच्या, की बायांनो, भूक लागली की जेवून घ्यावं, पोट देवानं दिलंय, घरच्यांनी नाही. मग शेवटची ओळ त्या गाऊन टाकायच्या आणि आम्ही ती उचलून धरायचो. कटिंग मास्तर हा आमच्यातला एकुलता एक पुरुष. तो पलीकडे कापडाचे थर लावत असायचा आणि आपण ऐकत नाही असं दाखवायचा. पण ओळ उचलायला सगळ्यात आधी त्याचाच आवाज.

मालिकेची नायिका कोण होती ते आज मला आठवतसुद्धा नाही. दिसायला सुरेख होती आणि फार रडायची. आमची जी होती ती कोपऱ्यातली, छोट्या दवाखान्यातली कंपाउंडरबाई. नवऱ्याचा हात उठायला लागला तेव्हा एका पिशवीनिशी घर सोडून आलेली. गोळ्या पुड्यांत बांधता बांधता ती एखादं वाक्य असं टाकायची की पुढचा पेशंट दुखणं विसरायचा.

तिच्यावर आमचा जीव जडला, पण प्रत्येकीचं कारण वेगळं. काकूंना ती आवडायची कारण ती कुणासाठी ताटकळत न बसता वेळेवर जेवायची. मास्तरला आवडायची कारण बिघडलेला पंखा तिनं स्वतः स्टुलावर चढून दुरुस्त केला. आमच्या मुकादमबाई कडक, नाकावर माशी बसू न देणाऱ्या. त्या म्हणायच्या, ही चारचौघांत रडत नाही, एवढं मला पुरे. मला विचाराल तर मला तिचं हसणं आवडायचं. आधी खांदे हलायचे आणि आवाज मागाहून यायचा, निदान काकू तरी तसं करून दाखवायच्या.

आणि बॉबिन. हे आम्ही ठेवलेलं नाव, मशिनीत फिरणाऱ्या दोऱ्याच्या छोट्या रिळावरून. अंगानं एवढीशी आणि कायम भिरभिरती. तिचं मनगट एकदा मोडून वाकडं जुळलंय, त्यामुळे कापड ती डाव्या हातानं सरकवते. ते मनगट जिन्यावरून पडून मोडलेलं नाही हे आम्ही सगळ्या जाणून होतो. गेल्या वर्षीपासून ती भावाकडे राहत होती. भाऊ चांगला, वहिनी त्याहून चांगली. पण घर दोन खोल्यांचं, आणि नवऱ्याकडची माणसं सारखी निरोप धाडत होती. शेवटी ठरलं की येत्या रविवारी नवरा आणि त्याचे काका यायचे, भावाच्या घरी बसायचं, आणि बॉबिननं जायचं की नाही ते एकदाचं सांगायचं.

ती म्हणायची, "कंपाउंडरबाई जे करेल ते मी करणार." आम्ही हसायचो. पण ते हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं, हे आम्हालाही कळत होतं.

आता रविवारच्या आधीचा आठवडा ऐका. सोमवारी संध्याकाळी काकूंनी काय पाहिलं ते आम्हाला कळलं शुक्रवारी, पण तुमच्यापासून लपवून ठेवण्यात अर्थ नाही, आत्ताच सांगते. सोमवारच्या भागात कंपाउंडरबाईचा नवरा आजारी पडून दवाखान्यात आला, दोन वाक्यं गोड बोलला, आणि तिनं ढसाढसा रडत त्याची माफी मागितली. तिनं, त्याची. मग ती पिशवी उचलून त्याच्यामागं निघाली आणि पाठीमागं सनई वाजली.

मंगळवारी धागे कापायला बसलो तेव्हा काकूंनी सूर धरायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लावला. बॉबिन समोरच बसली होती, कात्री हातात तशीच. काकूंनी तिच्याकडे एकदा पाहिलं, आणि ठेका धरला. नवरा आला, त्या म्हणाल्या. आजारी होऊन आला. गोड बोलला. बाईनं त्याची नाडी पाहिली, औषध दिलं, पथ्य सांगितलं, आणि दवाखान्याचं शटर खाली ओढून स्वतःच्या वाटेनं गेली. "माणुसकी दिली, माणूस नाही दिला," अशी ओळ काकूंनी त्या दिवशी गायली. आम्ही ती मशिनी सुरू झाल्यावरसुद्धा म्हणत होतो.

बुधवारी कंपाउंडरबाईनं दवाखान्याच्या वरची खोली भाड्यानं घेतली. गुरुवारी तिनं तिथं पडदे लावले. पडदे कुठल्या रंगाचे यावर आमच्यात भांडण जुंपलं, आणि काकू म्हणाल्या, हिरवे. बॉबिननं विचारलं, खोलीला खिडकी किती मोठी आहे. काकू क्षणभर अडखळल्या, मग म्हणाल्या, दोन दारांची, उघडली की सगळा रस्ता दिसतो. त्या दिवशी घरी निघण्याआधी बॉबिननं दुपारचा उरलेला डबा पूर्ण संपवला.

मास्तरची मात्र त्याच दिवशी फजिती झाली. संध्याकाळी तो न्हाव्याकडे दाढीला गेला होता. तिथं गोष्ट निघाली, आणि हा छातीठोकपणे सांगायला लागला की कंपाउंडरबाई वरच्या खोलीत राहते, हिरवे पडदे आहेत. न्हाव्यासकट सगळे हसायला लागले. मास्तर काही मागं हटेना. तुम्ही नीट बघत नाही, असं त्यानं चार माणसांना सुनावलं आणि अर्धी दाढी तशीच ठेवून तो बाहेर पडला. शुक्रवारी सकाळी आम्हाला सांगताना तो म्हणाला, लोकांना आजकाल समोरचं दिसत नाही. आम्ही माना डोलावल्या. काकू काजात डोकं घालून बसल्या होत्या.

गुरुवारी संध्याकाळी मुकादमबाईंना ताप भरला म्हणून त्या लवकर घरी गेल्या. शुक्रवारी आल्या त्या तरातरा. मशिनी थांबायची वाट पाहिली, आम्ही टेबलाशी बसलो, काकूंनी डोळे मिटले, तेवढ्यात मुकादमबाई उभ्या राहिल्या.

"काकू, काल मी स्वतः पाहिलं. ती नवऱ्याच्या घरी आहे. भारी कपडे घालून त्याला चमच्यानं सूप पाजतेय. तीन दिवस आम्हाला काय ऐकवताय तुम्ही?"

मास्तरच्या हातातली फूटपट्टी खाली पडली. आम्ही सगळ्या काकूंकडे पाहायला लागलो. मला वाटलं, त्या आता गडबडतील, चष्मा पुसतील, काहीतरी सारवासारव करतील. त्यांनी डोळे उघडले आणि कात्री टेबलावर ठेवली.

"खोटं सांगितलं," त्या म्हणाल्या. "आणि उद्याही सांगेन. मालिकावाल्यांनी तिला लिहिलं असेल, पण तिला इतके दिवस जेवू घातलंय ते आपण. ज्यांना ती कळलीच नाही त्यांनी एका संध्याकाळी तिला वाकवायची आणि आपण मान डोलवायची? टीव्हीतली बाई त्यांची. ती गेली तर खुशाल जाऊ दे. इथली आपली आहे, आणि ती जात नाही."

मुकादमबाई म्हणाल्या की खरं ते खरं. काकू म्हणाल्या, गोष्टीतल्या बाईचं खरं म्हणजे काय, ती कुणाच्या पोटची आहे? मास्तर मध्ये पडला की मी दाढी अर्धी सोडून आलो त्याचं काय. दोघीतिघी काकूंच्या बाजूच्या झाल्या, एकीला रडू यायला लागलं. मी स्वतः काकूंच्या बाजूची होते आणि आजही आहे. देवानं माणसाला जीभ दिली ती काय फक्त दिसेल ते ओकायला?

या सगळ्यात बॉबिनकडे कुणाचं लक्ष नव्हतं. ती उठली तेव्हा तिचा चेहरा इतका लाल होता की आमचं भांडण जागच्या जागी थांबलं.

"काकू, हे तुम्ही माझ्यासाठी केलंत ना?"

काकूंनी चष्मा काढून पुसायला घेतला.

"म्हणजे तुम्हाला वाटलं, ती गेली हे ऐकलं की मी पण जाईन. मी तिच्या जिवावर उभी आहे असं वाटलं तुम्हाला. तो हात कुणाचा मोडला, तिचा की माझा?"

काकूंचा चेहरा पडला. चार माणसांसमोर मुकादमबाईंनी खोटं पाडलं तेव्हा न डगमगलेली ही बाई पोरीच्या या एका प्रश्नापुढं खाली बघायला लागली. मग त्या हळूच म्हणाल्या, "तूच म्हणायचीस, ती करेल ते मी करेन."

बॉबिन म्हणाली की हो, म्हणत होते, कारण ती माझ्यासारखं वागत होती म्हणून मला ती आवडायची. आता नाही वागली. मग ती पुन्हा बसली, कात्री उचलली आणि म्हणाली, "आता खरं सांगा. सोमवारपासूनचं. एक शब्द गाळायचा नाही, आणि तो गोड बोलला ते तर मुळीच नाही."

काकूंनी त्या दिवशी सूर धरला नाही. ठेकाही नाही. नवऱ्याचं बोलणं त्यांनी नवऱ्याच्याच आवाजात म्हणून दाखवलं, सरळ, जसंच्या तसं. आपलं दोघांचंही चुकलं. मी आता पहिल्यासारखा राहिलो नाही. तुझ्यावाचून घर खायला उठतं. लोक मला नावं ठेवतात, तुला ते बरं वाटतं का? राग येतो तो माझं माणूस आहे म्हणूनच ना?

बॉबिनचे हात थांबले. आधी तिनं ओठ दाबून धरले, आणि मला वाटलं, गेली ही पोर. पण तिच्या तोंडून बाहेर पडलं ते हसू. म्हणाली, हे सगळं मला येतं. हेच, याच क्रमानं, माझ्या नवऱ्याच्या काकांनी फोनवर ऐकवलंय. घर खायला उठतं हेसुद्धा. तिला वाटत होतं की हे तिच्याचसाठी कुणी मनापासून जुळवून बोलतंय, आणि त्या एका वाक्यानं तिची रात्र रात्र झोप जात होती. "आणि हे तर कुणीही कुणालाही म्हणतंय," ती म्हणाली.

मग तिनं काकूंना पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं. या खेपेला प्रत्येक वाक्यावर ती थांबवायची. इथं बाईनं विचारायला हवं होतं की दोघांचं चुकलं तर माझं काय चुकलं ते सांग. मुकादमबाई अजून उभ्याच होत्या, त्या म्हणाल्या, इथं तिनं रडायला नको होतं. मास्तर म्हणाला, घर खायला उठतं तर त्याला म्हणावं, हॉटेलात जेव. त्या दिवशी धाग्यांची रास अर्धी तशीच राहिली, आणि मुकादमबाई, ज्या मिनिटामिनिटाचा हिशोब मागतात, त्यांनी घड्याळाकडे पाहिलंसुद्धा नाही.

रविवारी बॉबिननं फक्त मला आणि काकूंना बोलावलं. मी तिच्या भावाच्या शेजारी राहते म्हणून, आणि काकूंना का, ते तिनं सांगितलं नाही.

नवरा स्वच्छ शर्ट घालून आला होता. त्याचे काका खुर्चीवर बसले, बाकीचे आम्ही पलंगावर आणि खाली. चहा झाला. काकांनी घसा साफ केला. म्हणाले, "हे बघ मुली, आपलं दोघांचंही चुकलं..."

बॉबिन दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. तिनं त्यांना पुढं जाऊ दिलं नाही.

"पुढचं मी म्हणते, काका. हे आता पहिल्यासारखे राहिले नाहीत. माझ्यावाचून घर खायला उठतं. लोक नावं ठेवतात. आणि राग आला तरी तो आपल्या माणसावरच येतो. एवढंच आहे ना? की आणखी काही आणलंय?"

काकांनी हातातला रिकामा कप फिरवला. त्यांनी पुतण्याकडे पाहिलं. पुतण्या जमिनीकडे पाहत होता. मला काकूंचा हात माझ्या गुडघ्यावर घट्ट बसलेला जाणवला.

"आणखी काही असेल तर बोला, मी ऐकते," बॉबिन म्हणाली. "माझं मनगट कसं मोडलं, ते चौघांसमोर यांनी स्वतःच्या तोंडानं सांगावं. तिथून सुरुवात करू."

नवरा ताडकन उठला. म्हणाला, ही अशी बोलणारी नव्हती, हिला कुणीतरी शिकवलंय. आणि त्यानं बघितलं ते थेट काकूंकडे. काकू शिकवणाऱ्यासारख्या दिसतातच, चष्मा, बुचडा, मांडीवर घट्ट हात. त्या काही बोलणार, तेवढ्यात बॉबिन म्हणाली की काकूंनी मला शिकवलं नाही, त्यांना तर वाटत होतं मी जाईन.

मग तिनं भावाकडे पाहिलं. भाऊ इतका वेळ मान खाली घालून बसला होता. दोन खोल्या, दोन पोरं, वर बहीण, हे सगळं त्याच्या मानेवर दिसत होतं, आणि त्याला हो किंवा नाही म्हणण्याचं बळ आपलं आपणच आणायचं होतं. "दादा, मी जात नाही," ती म्हणाली. "इथं अडचण होत असेल तर मी खोली बघीन. पण तिकडं नाही."

भावानं वहिनीकडे पाहिलं. वहिनी उठली. तिनं काकांच्या हातातला कप घेतला, बॉबिनच्या नवऱ्यापुढचा कप घेतला, दोन्ही कप मोरीत नेऊन ठेवले. मग दाराशी गेली, पाहुण्यांच्या चपला उचलल्या आणि टोकं रस्त्याकडे करून नीट शेजारी शेजारी लावून ठेवल्या.