फुटलेला ओठ

वर्षभराची किमची, म्हणजे कोबीचं तिखट लोणचं, घालून झाली आणि माझा ओठ फुटला, वर फोड आला. आमच्या हेनाम गावाकडे ओठ फुटलेला दिसला की बायका म्हणतात, "राबलीस गं बाई!" मला तर त्याचा अभिमानच. तसाच फुटका ओठ आणि किमचीचे डबे घेऊन बसनं सोल गाठलं. नातवाला, दाऊलला, उन्हाळ्यापासून पाहिलं नव्हतं. जीव नुसता तुटत होता.

दारातच सून आडवी आली. हेवॉन तिचं नाव. "आई, ओठ बरा होईपर्यंत दाऊलला घेऊ नका. पापी तर मुळीच नको."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "तुमच्यासाठी मरमर मेले, आणि आता मीच नकोशी होय?"

आतून पोर मला बघून हात पसरत होतं. गालांवर इसब, कातडी चिरलेली, खाजवू नये म्हणून हातांत मोजे.

"डॉक्टर म्हणाले," हेवॉन हळूच म्हणाली, "या फोडाचा विषाणू एकदा शिरला की जन्मभर अंगात राहतो. दमलं की डोकं वर काढतो. आपल्याला ओठावर फोड येतो, तेवढंच. दाऊलची कातडी जागोजाग उघडी आहे. अंगभर पसरेल. डोळ्यात गेला तर डोळाही जाईल."

"काहीतरीच! माझ्या आईला होता, मला आहे. कोण मेलं?"

"मलाही आहे, आई. गेल्या महिन्यात फुटला होता. खपली पडेपर्यंत मास्क लावून दूध पाजलं, एकही पापी घेतली नाही. तो मास्क ओढायचा आणि रडायचा. मीही रडायचे."

रात्ररात्र त्याचे हात धरून बसणारी ही पोर. तिचा ओठ फुटला तेव्हा तिला "राबलीस" म्हणायला कोण होतं? कुण्णी नाही.

मी मुकाट्यानं मास्क लावला, हात धुतले. डबा उघडला, कोबीचं आतलं कोवळं पान हातानं फाडलं आणि हेवॉनच्या तोंडापाशी धरलं.

"राबलीस गं बाई. खा."

तिनं तोंड उघडलं, आणि घास तसाच तोंडात ठेवून हमसाहमशी रडायला लागली. मागं दाऊल माझ्याकडे यायला टाहो फोडत होता. मी वळले नाही.