डोळ्याची उंची

सुतार आला तेव्हा तिनं नुकत्याच चपला काढल्या होत्या. आठ तास लाँड्रीत उभं राहून इस्त्री फिरवली की पाय आपले राहत नाहीत, कुणाकडून तरी उसने आणल्यासारखे वाटतात. दमायलाही सवड लागते म्हणतात, आणि ती तिच्याकडे नव्हती.

सुतारही काही ताजातवाना नव्हता. त्याचं आजचं हे सहावं दार. त्यानं पिशवी टेकवली आणि दाराशी ठेवलेले काळे बूट पायानंच बाजूला सारले.

"हातानं उचला हो," ती म्हणाली.

बूट तिच्या नवऱ्याचे. पाच महिन्यांत ते कुणी घातले नव्हते, पण दर रविवारी ती त्यांना पॉलिश करत होती. सुतारानं ते निमूट उचलून ठेवले आणि विचारलं, "ताई, दिवसा घरात एकटं कोण असतं?"

"हे असतात."

"मग साहेबांना जरा दाराशी उभं करा. बाहेर बघायचं हे पीपहोल ज्याच्यासाठी त्याच्याच डोळ्याला बसवायचं असतं. नाहीतर भोक एकीकडे आणि माणूस भलतीकडे."

आतल्या खोलीतून चाकांच्या खुर्चीची कुरकुर ऐकू आली, तसा सुतार काय ते समजला आणि त्यानं पेन्सिल कानावर खोचली.

नवऱ्यानं तीस वर्षं बस चालवली होती. एका सकाळी झटका आला आणि डावी बाजू गेली. डॉक्टर सुरुवातीला "चालतील" म्हणायचे, मग "बघू" म्हणायला लागले, आणि गेल्या खेपेला त्यांनी नुसत्याच गोळ्या लिहून दिल्या. जीभ जड झाली होती, पण थट्टा करायची खोड तेवढी शाबूत होती.

पंधरा दिवसांपूर्वी तीही बंद पडली. मीटर बघायला आलोय म्हणून कुणीतरी आलं, नवऱ्यानं दार उघडलं, खुर्ची बाजूला घेऊन वाटही दिली. तो माणूस मिक्सर आणि भिंतीवरचं घड्याळ काखेत मारून आरामात निघून गेला. नवरा ओरडला, पण ते ओरडणं जिन्यापर्यंतही पोचलं नाही. मिक्सर गेल्याचं तिला फारसं काही नव्हतं. नवरा दोन दिवस जेवला नाही, त्याचं होतं. शेजारीण म्हणाली, बैल गेला नि झोपा केला. असेल. पण गोठ्यात अजून एक जण शिल्लक होता आणि तिला तो हवा होता.

"इथं पाडा." तिनं स्वतःच्या डोक्याच्या चार बोटं वर दारावर बोट टेकवलं. नवऱ्याचा डोळा तिथंच यायचा, हे तिला मोजपट्टीशिवाय ठाऊक होतं. लग्नापासून त्या उंचीकडे मान वर करूनच ती भांडत आली होती.

सुतारानं खूण केली, पण त्याचा हात पुढे जाईना. "ताई, भोक एकदा पडलं की पडलं. सरकवता येत नाही. साहेबांना यातून दिसायचं नाही."

"उभे राहिले की दिसेल. तुम्ही सुतार आहात की डॉक्टर?"

खाली भोक पाडायचं म्हणजे हा माणूस आता उठत नाही, हे लाकडात कायमचं कोरून ठेवायचं. आणि तेही तिनं, आपल्या तोंडानं सांगून. ते तिला जमत नव्हतं.

तेवढ्यात खुर्ची बाहेर आली. नवऱ्यानं मान उंचावून खूण पाहिली.

"अगं, तिथं काय कावळा बसवायचाय?"

"अहो, चार-सहा महिन्यांचा तर प्रश्न आहे."

"तोवर चोर थांबेल?"

"मग काय, जन्मभर बसूनच राहणार?" तिच्या तोंडून निघून गेलं. सुतार ड्रिलच्या वायरचा गुंता सोडवायला लागला. वायरला गुंता नव्हताच.

"बसलोच आहे की," नवरा म्हणाला. "तू बघत नाहीस, एवढंच."

त्यानं खुर्ची दाराला भिडवली, तर पाय ठेवायची फळी आधी आपटली आणि डोळा हातभर लांब राहिला. मग मागे घेत, वळवत, स्टॉपला बस लावावी तशी त्यानं खुर्ची दाराला आडवी लावली आणि उजवा गाल लाकडाला टेकवला. "मिस्त्री, इथं."

सुतारानं निम्मं भोक आतून पाडलं, निम्मं बाहेरून, म्हणजे लाकडाची कपची उडत नाही. भिंग बसवलं. न सांगता कडीही खाली हाताशी आणून दिली. वरची पेन्सिलची खूण तो ओल्या अंगठ्यानं पुसायला गेला, तर ती म्हणाली, "राहू दे ती."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिनं बेल वाजवली. आतून चाकं कुरकुरली, थांबली, पण कडी काही निघेना.

"कोण?"

"मी."

"नुसतं पोट दिसतंय. पोटाला दार उघडायचं नाही असं बायकोनं बजावलंय."

कालचं कावळ्याचं बोलणं टोचून होतं; पंधरा दिवसांनी आलेली ही पहिली खरी थट्टा. ती वाकायला गेली, पण गुडघे अर्ध्यावरच अडले. शेवटी तिनं सरळ दाराबाहेर फरशीवर बसकण मारली. तोंड भिंगाच्या टप्प्यात आलं. पाच महिने ती त्याला वरून बघत होती, धावता धावता, बहुतेकदा नुसती टाळूच.

"किती दमलीस गं," आतून जड आवाज आला.

एरवी ती "छे" म्हणाली असती. "हो," ती म्हणाली. "खूप." आणि मग समोरासमोर कधी विचारवलं नव्हतं ते तिनं बंद दाराला विचारलं, "अहो, तुम्ही आता उठणार नाही ना?"

आत चाकं जराशी मागे गेली, पुन्हा पुढे आली.

"नाही वाटत."

"बरं," ती म्हणाली. पिशवी मांडीवर घेतली आणि पदर डोळ्यांना लावला.

कडीवर हात पडल्याचा आवाज आला, पण कडी सरकली नाही.

"रडून झालं की सांग," तो आतून म्हणाला. "मग उघडतो."