तीन खुर्च्यांचा गाळा

फोन आला तेव्हा टेपचं एक टोक न्हाव्याच्या हातात होतं आणि दुसरं गाळ्याच्या मालकाच्या. दोघं रिकाम्या गाळ्यात समोरासमोरच्या भिंतींना टेकून उभे होते. फोन मेव्हण्याचा, हॉस्पिटलमधून. "भावोजी, ताई गेली," एवढंच तो बोलला आणि रडायला लागला. ताप होता, रविवारी घरी सोडू असं डॉक्टर म्हणाले होते. सकाळी ती फोनवर नीट बोललीसुद्धा होती.

न्हाव्याने फोन खिशात ठेवला आणि म्हणाला, "बायको वारली."

मालक भला माणूस. टेप सोडावी की धरावी हे त्याला सुचेना, म्हणून तो धरूनच उभा राहिला. शेवटी म्हणाला, "भाडं पुढल्या महिन्यापासून धरू."

सकाळचं बोलणं याच गाळ्याचं होतं. आदल्या दिवशी गाळा बघून आलेला न्हावी म्हणाला होता, "तीन खुर्च्या बसतात." ती म्हणाली होती, "तीन? मग घे. विचार करत बसू नकोस." ते 'घे' आता न्हाव्याच्या डोक्यातून जात नव्हतं. उभा जन्म त्याने दुसऱ्याच्या खुर्चीवर निम्म्याने काम केलं होतं, म्हणजे गिऱ्हाइकाचे निम्मे पैसे आपले, निम्मे दुकानदाराचे. स्वतःचं दुकान काढायचं हे तिने ठरवलं होतं. त्याने फक्त मान हलवली होती.

गाळा बघायची त्या दोघांची एक रीत होती. ती घरची घडीची खुर्ची बरोबर घ्यायची, गाळ्यात मांडून ऐसपैस बसायची, पाय पुढे सोडायची आणि म्हणायची, "हं, काप." मग हा दोन बोटांची कात्री करून तिच्याभोवती फिरत हवेत केस कापायचा. न्हावी डावखुरा. त्याचं कोपर भलत्या बाजूला जातं आणि ते टेपला कळत नाही, असं तिचं म्हणणं. शिवाय ती अंगाने भरलेली, तेव्हा ती मावली की कुणीही मावेल. मालक लोक दारात उभे राहून बघत बसायचे. एकाने विचारलं, "काकू, दाढीपण करून घेणार का?" ती म्हणाली, "आधी तुमची होऊ दे." जागा पसंत नसली की ती "गुडघे अडतायत" म्हणून उठायची. तिच्या गुडघ्यांनी निम्मं शहर नापास केलं होतं.

हा एकच गाळा न्हाव्याने एकट्याने पाहिला होता. रिकामी खुर्ची ठेवली आणि टेप लावली.

महिनाभराने मेव्हणा खर्चाचा अंदाज काढायला घरी आला. तो ट्रान्सपोर्टच्या कचेरीत बिलं करायचा, त्यामुळे आकड्यांत आपला हात कुणी धरणार नाही असं त्याला वाटायचं.

"अनामत?"

"पाच लाख."

"गाळा भाड्याने देतोय की विकतोय? बरं, खुर्च्या?"

"जुन्या घेऊ, तीन. त्यातली एक वरखाली होत नाही."

"मग उंच माणूस आला तर?"

"त्याला त्या खुर्चीवर बसवायचं नाही."

"एसी कशाला? पंखा लावा."

"पंख्याने कापलेले केस उडतात. पुढच्याच्या तोंडात जातात."

मेव्हण्याने एसी लिहिला, पण आपल्याच खिशातून गेल्यासारखा चेहरा केला. मग बेसिन, गिझर, आरसे, बोर्ड, परवाना झाला.

"टॉवेल?"

"सहा डझन."

"गावजेवणाला बोलावताय का सगळ्यांना?"

"निम्मे दोरीवर वाळत असतात रे."

शिवाय तीन महिन्यांचं भाडं बाजूला ठेवायचं होतं, कारण सुरुवातीला लोक नुसते डोकावून जातात. तीन खुर्च्या धरल्या, दोन कारागीर निम्म्याने ठेवले, तर जेमतेम जमत होतं.

"आणि दोनच खुर्च्या असल्या तर?" न्हाव्याने विचारलं.

"भाडं निघेल. फक्त तुम्ही जेवायचं नाही." मेव्हण्याने पेन्सिल खाली ठेवली. "ताईने बसून बघितलं होतं ना?"

"ती हॉस्पिटलमध्ये होती."

"मग घे म्हणाली ती कशावरून?"

"मी सांगितलं त्यावरून."

दुसऱ्या दिवशी अनामतीचा चेक मेव्हण्याच्या खिशात होता आणि दोघांच्या हातांत तीन घडीच्या खुर्च्या. न्हाव्याने त्या टेपच्या मापाने मांडल्या. रिकाम्या होत्या तोवर झकास दिसत होत्या. मग एकीवर मेव्हणा बसला, शेजारच्या खुर्चीवर मालकालाच बसवलं.

"मला कापायचे नाहीत," मालक म्हणाला.

"मला तरी कुठे कापायचेत?" मेव्हणा म्हणाला. "पाय पुढे सोडा."

न्हाव्याने मेव्हण्याच्या डोक्यामागे दोन बोटं धरली. मेव्हण्याच्या डोक्यावर उजवीकडे भोवरा होता, बहिणीच्या होता तिथेच. इतकी वर्षं त्याचे केस कापूनही हे न्हाव्याच्या ध्यानात आलं नव्हतं. बोटं थोडा वेळ तिथेच थांबली. मग त्याने कापायला सुरुवात केली आणि डावं कोपर मालकाच्या चष्म्याला लागलं.

"अहो, हात जरा आवरा!"

"आवरतो. मग याचा कान जाईल."

दोघांच्या मधून पुढे जायला गेला तर मालकाचे गुडघे आडवे. खुर्च्या लांब सरकवल्या, तेव्हा तिसरी दारात गेली.

"आधीचा भाडेकरू तीन खुर्च्या लावायचा," मालक म्हणाला.

"काय करायचा तो?"

"विम्याची कामं."

मग मालकाने बसल्या जागी भाडं उतरवलं. मेव्हण्याने मनातल्या मनात आकडे मांडले आणि मान हलवली. तरीही जमत नव्हतं. तो पुढे वाकून हळूच म्हणाला, "भावोजी, ताई घे म्हणालीय. चेक आणलाय. घेऊन टाका, पुढचं पुढे बघू."

न्हावी दोन खुर्च्यांच्या मध्ये उभा होता. त्याने पुन्हा एकदा हात फिरवून पाहिला. कोपर पुन्हा मालकाला लागलं. या वेळी मालकाने आपणहून चष्मा काढून हातात घेतला.

"तिने तीन खुर्च्यांचा गाळा घे म्हटलं," न्हावी म्हणाला. "हा दोनचा आहे."

मेव्हणा बराच वेळ उठला नाही. मालकही त्याच्याबरोबर बसून राहिला.

गाळा अजून मिळालेला नाही. येत्या रविवारी दोन ठिकाणं बघायची आहेत. मेव्हणा येतो म्हणतो, पण तो काडीसारखा आहे, त्याच्यावरून अंदाज येणार नाही. बसायला कुणाला न्यायचं, ते ठरायचं आहे.