महाराजांच्या गालातली गाठ

तामसीजवळच्या त्या गावात मारुतीच्या पारावर पाय ठेवायला जागा नव्हती. पानाचा तोबरा भरलेले तुंबडीमहाराज पोटदुखीने तळमळणाऱ्या शाळकरी शीतलच्या पोटाला पोकळ शिंग लावून करणी काढायला सूं सूं ओढत होते. "निघ सटवे, निघ!" असं गुरगुरत ते थाळीत थुंकले आणि केसांची काळी गाठ पडली. पोर उठून बसली. दुखायचं खरंच थांबलं होतं! गर्दीने एकच गिल्ला केला.

"कोनं केली ही करणी?" शीतलच्या आईने, रेणुकाबाईने विचारलं.

"एकटी राह्यते. लेकराले खायला देते," महाराज म्हणाले.

साऱ्या माना भागीरथाकडे वळल्या. नवरा गेलेला, मूलबाळ नाही, शेजारच्या शीतलला गरम भाकरीचा तुकडा देण्यात तिचा काय तो जीव रमायचा.

तेव्हापासून ती हापशावर आली की बाया भरल्या-अर्ध्या घागरी उचलून चालू लागत. त्यातच भागीरथाच्या पोटात कळा सुरू झाल्या, उलट्या झाल्या. पण कण्हायचीही चोरी. काढलेली करणी करणारणीच्याच पोटात उलटते, हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल! तिने तोंडात पदराचा बोळा कोंबला. भिंतीपलीकडे माणसं बोलत होती आणि हाक मारावी असं एकही माणूस तिला उरलं नव्हतं.

काही दिवसांनी शीतलचं पोट पुन्हा दुखू लागलं. पुन्हा पार, पुन्हा शिंग. पोर शाळेत का येत नाही ते पाहायला तिच्या शिक्षिका मैत्रीबाई आल्या होत्या. त्यांनी महाराजांपुढे पाण्याचा तांब्या धरला.

"आधी पान थुका, चूळ भरा. मंग ओढा."

"मंत्र बाटते!"

"देवाचा मंत्र पाण्याले भेते काय?"

"भरा ना महाराज," रेणुकाबाई रडकुंडीला आली, "पोर तडफडून राह्यली!"

आता गर्दीच म्हणू लागली, "भरा, भरा!" महाराजांनी नाइलाजाने तोबरा थुंकला. शिंग पोटाला लागलंही नव्हतं आणि पानाबरोबर केसांची गाठ थाळीत पडली.

मैत्रीबाईंनी शीतलला दवाखान्यात न्यायला ऑटो बोलावला. तेवढ्यात भागीरथाच्या दाराआडून कण्हणं ऐकू आलं. त्यांनी तिलाही उचलून आत बसवलं.

आदिलाबादच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, "अंडाशय देठाशी पिळलं की त्याचा रक्तपुरवठा तुटतो. कधी पीळ आपोआप सुटतो, कळ थांबते. तेच महाराजांच्या नावावर जमा झालं! शीतलला पहिल्याच दिवशी आणलं असतं तर अंडाशय वाचलं असतं. आता काढावं लागलं. दुसरं धड आहे." भागीरथाच्या अंडाशयावर गाठ वाढली होती, तिच्या भाराने तेही पिळलं होतं. तिचंही ऑपरेशन झालं.

दोघींच्या खाटा शेजारी होत्या. गावाहून भागीरथाकडे कोणी फिरकलं नाही. रेणुकाबाई कितीतरी वेळ तिच्याकडे पाठ करून बसली, मग वळली.

"आक्का, तुले दुखत होतं तं वरडली काऊन नाही?"

"वरडली असती तं तू काय म्हटली असती?"

 रेणुकाबाई उठली आणि भागीरथाच्या उशाशी येऊन बसली.

बायांनो, बाप्यांनो, अचानक ओटीपोटात कळ येऊन उलट्या होत असतील, तर ती शाळकरी पोर असो, गरोदर सून असो की पाळी गेलेली म्हातारी, आधी दवाखाना गाठा. दुखणं मध्येच थांबलं तरी गाठा. आणि शेजारची एकटी बाई दुखणं का लपवते, हे एकदा स्वतःला विचारा.