गव्हर्नर हॅलॉकचं दालन

सुनेत्रा जर्मनीत येनाच्या विद्यापीठात इतिहासात पीएचडी करत होती, आणि तिचा नवरा गौरांग तिथून लांब, एश्बॉर्नला एका आयटी कंपनीत होता. गौरांगचे बॉस हेर लिंडनर एश्बॉर्नजवळच्याच एका गावच्या इतिहास मंडळाचे अध्यक्ष. तीनशे वर्षांपूर्वी त्या गावातली निम्मी घरं उपाशीपोटी अमेरिकेला गेली, आणि तिथल्या एका इंग्रज वसाहतीच्या हॅलॉक नावाच्या गव्हर्नरनं त्यांना जमिनी दिल्या. गाव अजून त्याचं नाव काढतं. चौकात त्याचा अर्धपुतळा आहे. आता गावच्या छोट्याशा म्युझियममध्ये त्याचं दालन होणार होतं, आणि भिंतीवरचा मजकूर लिहायला हेर लिंडनरना जाणकार माणूस हवं होतं. गौरांगनं बायकोचं नाव सुचवलं.

तिनं मन लावून काम केलं. हॅलॉक कर्तबगार होता यात शंका नव्हती. त्यानं शाळा काढल्या, बंदर बांधलं, छळाला कंटाळून पळालेल्यांना आसरा दिला. ते सगळं तिनं लिहिलं. पण वाटायला जमीन आली कुठून, तेही लिहिलं. नदीकाठच्या मूळ रहिवाशांना हॅलॉकनं तहासाठी जेवायला बोलावलं. ते बायकापोरांसकट आले, विश्वासानं जेवले. मग दारं लावून पुरुषांना तिथंच कापलं, आणि बायकापोरांना जहाजात कोंबून उसाच्या मळ्यांवर विकलं. यात लपवाछपवी काहीच नव्हती. हॅलॉकनंच ही हकीकत फुशारकीनं छापून वाटली होती.

उद्घाटनाच्या दिवशी ती त्या भिंतीपुढं जाऊन उभी राहिली. तिथं लिहिलं होतं, ‘वाटाघाटींनंतर नदीकाठची जमीन मोकळी झाली.’ खाली तिचं नाव.

तिनं हेर लिंडनरना गाठलं. ते हसतमुखानं म्हणाले, की भिंतीवर जागा कमी होती, शिवाय शाळेची मुलं बघायला येणार. गौरांग तिच्या कानाशी पुटपुटला, "आज नको गं. मला रोज त्यांच्यासमोर बसायचंय."

भाषणासाठी तिचं नाव पुकारलं, तेव्हा तिनं तयार करून आणलेले आभाराचे शब्द बाजूला ठेवले आणि गाळलेला भाग जर्मनमधून सांगितला. ते जेवण, ती दारं, ते जहाज. तिला वाटलं, आता कुणीतरी उठून जाईल, भांडेल, निदान मान तरी खाली घालेल.

टाळ्या वाजल्या. चांगल्या भरघोस. हेर लिंडनर माइकपाशी येऊन म्हणाले, "गेनाऊ, अगदी बरोबर. असा टीकेचा सूर आम्हाला हवाच आहे," आणि लगेच सगळ्यांना खाण्याच्या टेबलांकडे वळायला सांगितलं. एका बाईंनी सुनेत्राच्या पदराचं टोक बोटांत चोळून रेशीम खरं आहे का विचारलं. केकवर साखरेच्या पाकाचा हॅलॉक होता, केसांच्या टोपासकट. बायकांनी तो कापला, आणि त्याच्या गुलाबी गालाचा तुकडा कौतुकानं तिच्या बशीत ठेवला. तिला शिसारी आली. शिव्या घालून हाकललं असतं तरी परवडलं असतं. ही माणसं तिचं बोलणंही गोडधोडासारखं गिळून मोकळी झाली होती.

गौरांग शेजारी येऊन खात होता. त्याच्या ओठांना क्रीम लागलं होतं. तो म्हणाला, "मी घाबरलो होतो. पण किती मोठ्या मनानं घेतलं त्यांनी."

तिनं बशी खिडकीत ठेवली आणि बाहेर आली.

दुसऱ्या दिवशी तिनं मंडळाला कळवलं, की वाक्य बदला, नाहीतर माझं नाव काढा. नाव तत्परतेनं निघालं, सोबत नम्र दिलगिरी. वाक्य तसंच राहिलं. शाळेची मुलं रांगेनं येऊन ते वाचू लागली.

"झालं ना तुझ्या मनासारखं?" गौरांगनं फोनवर विचारलं. त्याच्या आवाजात खरोखरीची सुटका होती, आणि तीच तिला सहन होईना. दर शुक्रवारी ती येनाहून एश्बॉर्नला घरी जायची. त्या शुक्रवारी गेली नाही.